घंटेनंतरच्या टाळ्या

आमच्या कंपनीचं कराओकेचं सॉफ्टवेअर गेम कन्सोलवर चालतं. कन्सोल टीव्हीला जोडायचा, माइक हातात घ्यायचा आणि पडद्यावर गाण्याचे शब्द येतील तसे म्हणत जायचं. शब्दांच्या खाली एक निळी रेघ असते. आपला सूर चढला की ती चढते, उतरला की उतरते. गाणं संपलं की घंटा वाजते आणि शंभरपैकी गुण दिसतात. संपला खेळ. हे विकत घेणारे लोक त्याबद्दल जे बरंवाईट लिहितात ते सगळं वाचायचं, ही माझी नोकरी.

वाचलेल्या प्रत्येक अभिप्रायाला मी एक रंग देते. तक्रार असली तर लाल, सूचना असली तर पिवळा, कौतुक असलं तर हिरवा. लाल अभिप्राय दुरुस्तीवाल्यांकडे जातात. पिवळे साहेब बैठकीत वाचून दाखवतात. हिरवे कुठेच जात नाहीत. "चांगलं म्हणालेत ना? मग झालं तर," असं साहेबांचं म्हणणं.

काम कंटाळवाणं नाही. लोक मन मोकळं करतात. एकाने लिहिलं होतं की बायकोला दरवेळी जास्त गुण पडतात, तेव्हा कंपनीने यंत्र तपासून घ्यावं. त्याच्या पाठोपाठ त्याच्या बायकोचा अभिप्राय आला: यंत्र अगदी बरोबर आहे, कोणी काही सांगितलं तरी हात लावू नये. माइकची तार आखूड आहे, शेजारी भिंत ठोकतात, आमच्या तरुणपणची गाणी का नाहीत, नातू माइक चावतो. असलं सगळं वाचत दिवस निघून जायचा.

टाळ्यांचा उल्लेख पहिल्यांदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या अभिप्रायात आला. त्यांनी लिहिलं होतं, "गाणं झाल्यावर घंटा वाजते आणि मग टाळ्या वाजतात त्या फार आवडल्या. अगदी खऱ्या वाटतात. वाजवणाऱ्यांना माझे आभार कळवावेत." मी हिरवा रंग दिला आणि पुढे गेले.

मग तसे आणखी येऊ लागले. एका आईने लिहिलं की तिची मुलगी बोलताना अडखळते म्हणून शाळेत कधी तोंड उघडत नाही, पण टाळ्यांसाठी रोज एक गाणं म्हणते. एका निवृत्त बसचालकाने लिहिलं, "टाळ्या उत्तम. मागच्या बाजूला कोणीतरी खोकतं, तेवढं काढता आलं तर बघा. नाहीतर राहू द्या. सवय झाली आहे."

याला कोणता रंग द्यावा ते मला कळेना. म्हणून मी उठले आणि कानसेनकडे गेले.

कानसेन आमच्याकडे आवाजाचं काम बघते. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची असेल. जिन्यात कोणाच्या पायात नवे बूट आहेत हे ती खुर्चीत बसून सांगते, म्हणून हे नाव पडलं. तिची खोली म्हणजे चारी बाजूंनी जाड फोम लावलेला एक खोका. आत गेलं की आपलाच आवाज तोंडापाशी विझतो.

"खोकणारा माणूस?" तिने हेडफोन मानेवर सरकवले. "कुठे?"

"टाळ्यांमध्ये."

"कसल्या टाळ्या?"

"गाणं संपल्यावरच्या."

"ताई, आपण टाळ्या ठेवल्याच नाहीत. साहेबांना त्या खोट्या वाटल्या. फक्त घंटा आहे."

तिने माझ्यासमोर सगळं उघडून दाखवलं. सॉफ्टवेअरमधला प्रत्येक आवाज वाजवला. घंटा, बटणाची टिकटिक, माइक जोडल्यावरचा टुंग. टाळ्या नव्हत्या. तिने स्वतः एक गाणं म्हटलं. सुंदर म्हटलं. घंटा वाजली, अठ्ठ्याण्णव गुण पडले आणि खोलीत फोमची ती कोंदट शांतता पसरली.

"दुसऱ्या कुठल्या खेळाच्या ऐकत असतील," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. निदान तसं मानायला बरं होतं.

अभिप्राय देणाऱ्यांना फोन करायची आम्हाला मुभा असते. मी शिवणकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला. मागे मशीन चालू होतं. त्यांनी ते थांबवलं.

"टाळ्या ना? हो, वाजतात की."

"टीव्हीतून?"

त्यांनी कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "टीव्ही समोर आहे. त्या मागून येतात. कपाटाच्या बाजूने."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती कसली, बाई? जन्मभर मशीनवर गुणगुणत आले. घरात कोणी मान वर करून बघितलं नाही. आता कोणी ऐकतंय तर मी घाबरू?" त्या हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आधी चार-पाच जण असतील. हल्ली खोली भरते."

मी फोन ठेवला. मागे वळून एकदा ऑफिसच्या कपाटाकडे बघितलं. तरीही, खोटं कशाला सांगू, त्या बाईंचा मला थोडा हेवा वाटला.

आता घरचं सांगायला हवं.

घरी मी आणि माझा मोठा भाऊ. दादाने लग्न केलं नाही, आणि माझी मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. दादा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. आवाज असा लावायचा की नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. उभं आयुष्य त्याने तसं काढलं. प्रेक्षक त्याला कधी दिसले नाहीत, नुसते ऐकू आले. टाळ्यांवरून तो सांगायचा की आज किती खुर्च्या रिकाम्या आहेत, कोण कंटाळलंय, कोण रडून झाल्यावर टाळ्या वाजवतंय.

मग घशाचा आजार झाला आणि डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढलं. आता तो गळ्याच्या खालच्या भागात ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेतो. जीव वाचला, आवाज गेला. बोलायचं असलं की तो मुलांची जादूची पाटी वापरतो. लिहायचं, कागद वर उचलला की पुसलं जातं.

ऑपरेशननंतर दादाने तोंड मिटलं ते मिटलंच. गळ्याला रुमाल बांधून खिडकीशी बसायचा. जेवायला माझ्यासमोर बसायचा नाही. इस्पितळातली बोलायला शिकवणारी बाई म्हणाली होती, "निदान ओठ तरी हलवत जा. नुसते शब्द म्हणा, आवाजाशिवाय. नाहीतर पुढे गळ्याला लावायचं यंत्र दिलं तरी जमणार नाही." दादाने पाटीवर लिहिलं होतं, "कोणासाठी?" आणि लगेच पुसून टाकलं होतं.

ती कोरी पाटी मी उचलून फळीवर ठेवली होती.

फोननंतर मी ऑफिसमधला एक कन्सोल घरी आणला. तपासायला म्हणून. बैठकीच्या खोलीत जोडला आणि दादाच्या देखत एक गाणं म्हटलं. माझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. निळी रेघ कुठे आणि मी कुठे! एकतीस गुण. घंटा वाजली. मी श्वास रोखून ऐकत राहिले. पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावरचा एक हॉर्न. बाकी काही नाही.

दादाने लिहिलं, "एकतीस फार झाले."

कितीतरी दिवसांनी त्याने थट्टा केली होती. टाळ्या नसल्या तरी चालतील, असं मला त्या क्षणी वाटलं. कन्सोल तसाच टीव्हीखाली राहिला.

नंतरच्या एका रविवारी दुपारी मी आत कपडे घडी करत होते. बाहेरून गाण्याचं नुसतं वाद्यांचं संगीत ऐकू यायला लागलं. दादा ऐकत असेल म्हणून मी दाराशी आले.

दादा टीव्हीसमोर उभा होता. हातात माइक. गळ्याचा रुमाल सोडून खुर्चीवर ठेवलेला. पडद्यावर शब्द सरकत होते आणि त्यांच्याबरोबर त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. नुसता गळ्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या हवेचा बारीक फसफस आवाज. निळी रेघ तळाशी सपाट पडली होती. पण दादाचा डावा हात ताल धरत होता आणि वरच्या सुराला त्याच्या भुवया वर जात होत्या.

मी जागची हलले नाही. त्याला कळलं असतं तर तो थांबला असता.

गाणं संपलं. घंटा वाजली. पडद्यावर शून्य आलं.

आणि टाळ्या वाजल्या.

त्या टीव्हीतून आल्या नाहीत. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये आमची एक मोकळी भिंत आहे, तिथून आल्या. थोड्याच माणसांच्या होत्या. एकजण जोरात वाजवत होता, एकजण नुसती बोटं तळव्यावर आपटत होता. कोणीतरी समाधानाने नाकातून श्वास सोडला. मग त्या विरळ होत थांबल्या, जशा खऱ्या टाळ्या थांबतात. सगळ्या एकदम नाही.

दादा वळला. मला बघून दचकला नाही. पाटी घेतली.

"ऐकलंस?"

"हो."

त्याने पाटी पुसली. "सात-आठ माणसं," त्याने लिहिलं. कागद उचलला, पुन्हा लिहिलं. "एक बाई. पुढे बसलीय. मनापासून."

मग तो खुर्चीत बसला आणि तोंड ओंजळीत धरून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि त्या भिंतीकडे बघत राहिले. भिंत भिंतीसारखीच होती. कोपऱ्यात रंगाचा एक पोपडा सुटला होता, तोही रोजचाच.

मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. पण त्या दुपारी मी त्या पोपड्याकडे बघून हात जोडले.

त्यानंतर दादा रोज गाऊ लागला. मी त्याला गाणंच म्हणते. जेवायला टेबलाशी यायला लागला. इस्पितळातल्या बाईकडे आपण होऊन गेला आणि गळ्याला लावायचं यंत्र मागून आला. ते धरून बोललं की आवाज डब्यातल्या मधमाशीसारखा येतो. पहिलं वाक्य त्याने मला म्हटलं ते "मीठ कमी आहे." मला त्या मिठाची चव अजून आठवते.

ऑफिसात मी टाळ्यांचे सगळे अभिप्राय हिरवे करत होते. बसचालकाचासुद्धा. कानसेनच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ताई, काहीतरी आहे ना?"

मी तिला शनिवारी दुपारी घरी बोलावलं. ती छोटं रेकॉर्डर घेऊन आली. दादाला पाहुणी आल्याचा आनंद झाला. शर्ट बदलून, केस विंचरून तो टीव्हीसमोर उभा राहिला. कानसेनने रेकॉर्डर त्याच्यापाशी स्टुलावर ठेवलं, हेडफोन लावले, आणि सोफ्याच्या कडेला अवघडून बसली.

दादाने एक संथ गाणं निवडलं. ओठ हलत होते. रेघ सपाट होती. मी कानसेनकडे बघत होते.

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी कपाळाला आठी पडली. मग तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर घट्ट दाबले. मग डोळे मिटले.

घंटा. शून्य.

टाळ्या आल्या. आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त. भिंतीपासून पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. एखादी खुर्ची मागे सरकवून कोणी उठावं तसं काहीतरी करकरलं.

कानसेनने डोळे उघडले. "संपलं का?" तिने विचारलं.

"टाळ्या वाजतायत ना!"

"कुठे?" तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि जागच्या जागी ताठ झाली. पुन्हा कानावर लावला. पुन्हा सरकवला.

टाळ्या थांबल्या. मग तिने रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीला नेलं आणि हेडफोन माझ्यापुढे धरले.

"ऐका."

पंखा. रस्ता. वाद्यांचं संगीत.

आणि दादाचा आवाज.

तो दादाच होता. 'र' म्हणताना जीभ किंचित अडकते ती तशीच अडकत होती. पण विंगेतला तो दबका, जपून पुरवलेला आवाज नव्हता तो. भरलेला, मोकळा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज होता. इतक्या मोठ्याने गाताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं.

गाणं संपलं, घंटा वाजली, आणि पुढे पंखा. टाळ्या त्यात कुठेच नव्हत्या. "टाळ्या वाजतायत ना!" असं मी म्हणाले, तेवढं ऐकू आलं.

मी हेडफोन दादाच्या कानाला लावले. त्याने संपूर्ण गाणं उभ्याने ऐकलं. मग यंत्र गळ्याला लावलं आणि त्या मधमाशीच्या आवाजात म्हणाला, "मधे जरा ताणलाय." आणि हसला. डोळे मात्र वाहत होते.

खाली सोडायला गेले तेव्हा कानसेन जिन्यात थांबली. "हे कोणत्या रंगात टाकायचं, ताई?"

"हिरव्या."

तिने कठड्यावरून एकदा हात फिरवला. "बरं," म्हणाली. आणि तो विषय तिने ऑफिसात कधी काढला नाही.

पुढे 'गाण्यानंतर टाळ्या हव्यात' अशा काही पिवळ्या अभिप्रायांवरून साहेबांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढायची ठरवली आणि तिच्यात टाळ्या घालायला लावल्या. आम्ही सगळ्यांनी कानसेनच्या खोलीत दाटीवाटीने उभं राहून त्या वाजवल्या. लोकांना आवडल्या नाहीत. लाल अभिप्रायांचा ढीग पडला. "जुनी माणसं परत आणा," असं त्या अडखळणाऱ्या मुलीने स्वतः लिहिलं होतं. तेवढं वाचून मला बरं वाटलं.

शिवणकाम करणाऱ्या बाईंचा मात्र हिरवाच आला. "आमच्याकडे आता दोन्ही टाळ्या वाजतात. आधी तुमच्या, मग त्यांच्या. तुमच्या संपेपर्यंत ते थांबतात. फार समजूतदार मंडळी आहेत. पुन्हा एकदा आभार."

मी त्यांना उत्तर पाठवलं. कंपनीच्या ठरलेल्या मजकुराखाली स्वतःची एक ओळ घातली: आमच्याकडूनही त्यांना आभार सांगा.

दादा आता आठवड्यातून एकदा इस्पितळात जातो. नुकतंच ऑपरेशन झालेल्या, तोंड मिटून बसलेल्या माणसांजवळ बसतो. त्यांना आधी पाटी देतो, मग हळूच विचारतो, "गाणं येतं का एखादं?" कोणी रागावतं, कोणी भिंतीकडे तोंड फिरवतं. एकदोघांच्या घरी मी स्वतः कन्सोल जोडून देऊन आले.

गेल्या रविवारी आमचा टीव्ही दुरुस्तीला गेलेला होता. कन्सोल वायर गुंडाळून कपाटात ठेवला होता. जेवणं झाली. मी कप धुऊन पुसत होते. शेवटचा कप फळीवर ठेवला आणि ओलं फडकं हातात घेऊन तशीच बाहेर आले.

दादा खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. डावा हात ताल धरत होता. खांदे हळूच वरखाली होत होते. संगीत नव्हतं, शब्द नव्हते, माइक नव्हता.

मी दारातच थांबले.

त्याचा हात थांबला. मान खाली गेली. गाणं संपलं असावं.

घंटा वाजली नाही. टाळ्या वाजल्या.

या वेळी त्या भिंतीतून आल्या नाहीत. सगळीकडून आल्या. समोरून, सोफ्यावरून, माझ्या दोन्ही बाजूंनी. डाव्या गालाला कोणाच्या तरी तळव्यांचा वारा लागत होता. गरम होता.

मला भीती वाटली. आणि भीतीच्या वर, भरून आलं. मलाही टाळ्या वाजवायच्या होत्या. पण हातात ते ओलं फडकं होतं.

कोणीतरी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं.

मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या. दादाने वळून बघितलं, मला, माझ्या मागे, आणि हलकेच वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी फडकं शोधलं तेव्हा ते बाल्कनीतल्या दोरीवर वाळत घातलेलं होतं. चारही कोपरे ओढून सरळ केलेले, एकही सुरकुती नाही. बाल्कनीच्या दाराला आतून कडी होती.